फुंकरीतून कळेल का दुखणं?

आमच्या उत्तनला बोंबील वाळत घालणाऱ्या एक मावशी आहेत. महिना झाला तरी खोकला हटेना. "डम्पिंगच्या धुरानं होतंय गो," म्हणून टाळायच्या. शेवटी मीच मागे लागून थुंकी तपासायला पाठवलं, तर डबीत नुसती लाळ! पुन्हा फेरी, पुन्हा धंद्याचा खाडा.

नुसती फुंकर मारून निदान झालं तर? मैत्रिणींनो, हे अगदीच स्वप्न नाही हं. आपल्या उच्छ्वासात शेकडो वायुरूप रसायनं असतात, जंतुसंसर्गात त्यांचं प्रमाण बदलतं. २०२० मध्ये दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात इस्रायली तज्ज्ञांसोबत करोनाच्या श्वासचाचणीचे प्रयोग झाले. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेनं अशा एका चाचणीला तातडीची मंजुरी दिली. प्रवासी बॅगेएवढं यंत्र, पाच रसायनं हेरून तीन मिनिटांच्या आत उत्तर! पण 'आहे' असं आलं, तरी खात्रीला आरटीपीसीआरसारखी चाचणी हवीच.

क्षयासाठी आपल्या सरकारी दवाखान्यात थुंकीच तपासतात, तीही फुकट. दोन आठवड्यांवर खोकला गेला, की जायचंच. सकाळी उठल्यावर चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला बेडका लागतो. हे मावशींना कुणी सांगितलंच नव्हतं. अगदी मीसुद्धा!

परवा बोंबील घालायला जाण्याआधी त्यांनी नीट डबी भरून दिली. रिपोर्टची वाट बघतोय.