भरतीचा देखावा : संवर्धित वास्तवाची पहिली पायरी

पनवेलकडून उरणला जाताना द्रोणागिरी लागते. एका बाजूला द्रोणागिरीचा डोंगर, दुसरीकडे न्हावा-शेवा बंदराच्या उंच याऱ्या आणि मध्ये सिडकोने आखलेली नवी वसाहत. इथल्या एखाद्या विद्यार्थ्याला डोंगराचे नाव विचारले तर तो चटकन सांगेल. मग त्याला विचारा, "मोठ्या भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी तुमच्या अंगणापेक्षा वर असते की खाली?" बहुतेक मुले गोंधळतील. खरे तर हा प्रश्न आपण शिक्षकांनीही स्वतःला क्वचितच विचारलेला असतो.

उरणचा हा परिसर मुळात खाडीकाठचा. मिठागरे, खारजमिनीवरची भातशेती, खाजण आणि तिवरे ही त्याची जुनी ओळख. खारेपाटातले शेतकरी बांध घालून भरतीचे पाणी अडवीत आणि पावसाचे पाणी बाहेर सोडायला बांधात उघाडी ठेवीत. नवी मुंबईच्या सखल भागातही तत्त्व तेच आहे. भराव, बांध, नाले आणि धारण तलाव यांच्या जोरावर जमीन कोरडी राहते. भरतीच्या वेळी बाहेरचे पाणी झडपेला दाबून बंद करते आणि तोवर पडलेला पाऊस धारण तलावात साठतो. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडते आणि तलाव रिकामा होतो. झडपेच्या दोन्ही बाजूंच्या पाणीपातळीत केवळ १ मीटरचा फरक असला, तरी पाण्यात बुडालेल्या १ चौरस मीटर झडपेवर सुमारे १ टन वजनाइतका जोर पडतो.

ही गोष्ट फळ्यावर काढता येते, पण फळ्यावरचे पाणी हलत नाही. मातीचा नमुना करता येतो, पण तो पाण्याने विरघळतो. इथे संगणकाची एक नवी युक्ती कामी येते. वर्गातल्या बाकावरच ही खाडी उभी करता येते. या युक्तीला 'संवर्धित वास्तव' म्हणतात.

संवर्धित म्हणजे काय?

आभासी वास्तवात डोळ्यांवर चष्मा चढवून आपण भोवतालचे जग पूर्ण झाकतो. संवर्धित वास्तवात भोवतालचे जग दिसत राहते आणि त्यात संगणकाने काढलेल्या वस्तूंची भर पडते. फोनच्या पडद्यावर आपला बाक दिसतो आणि बाकावर नसलेला बांधही दिसतो. १९९७ मध्ये रोनाल्ड अझुमा यांनी याच्या तीन अटी सांगितल्या. खरे आणि काल्पनिक यांचा मिलाफ हवा, तो त्याच क्षणी घडायला हवा आणि काल्पनिक वस्तू त्रिमितीत आपल्या जागी पक्की बसायला हवी. यांपैकी तिसरी अट सर्वांत अवघड आहे. ती समजण्यासाठी फोनची गरज नाही. एक कॅरमबोर्ड पुरेसा आहे.

करून पाहा

कॅरमबोर्ड जमिनीवर ठेवा. त्याच्या एका कोपऱ्यामागे बसा. डोळ्यांसमोर पारदर्शक प्लास्टिकचा ताव धरा, तो हलू देऊ नका. एक डोळा मिटून बोर्डाचे चार कोपरे जिथे दिसतात तिथे स्केचपेनने ठिपके द्या. बोर्ड चौरस असूनही ठिपक्यांचा आकार चौरस येणार नाही. जवळची बाजू मोठी आणि दूरची लहान दिसेल. आता त्या ठिपक्यांवर बेतून तावावर एक उभी पेटी काढा. ती बोर्डावर ठेवल्यासारखी वाटेल. मग डोके वीतभर बाजूला न्या. पेटी बोर्डावरून घसरली ना?

ती जागेवर राहावी असे वाटत असेल, तर डोके हलले की चार ठिपके पुन्हा द्यायचे आणि पेटी पुन्हा काढायची. फोन नेमके हेच करतो, सेकंदाला साधारण ३० वेळा. चौरसाची खरी मापे त्याला आधी माहीत असतात. तो चौरस किती तिरपा आणि किती लहान दिसतो यावरून कॅमेरा कुठे आहे, हे तो गणिताने काढतो आणि वस्तू त्या कोनातून पुन्हा रेखाटतो.

म्हणून सुरुवातीला जाड काळ्या चौकटीचे एक छापील खूणचित्र वापरतात. १९९९ मध्ये जपानचे हिरोकाझु कातो यांनी अशा खूणचित्रांवर चालणारे 'एआरटूलकिट' तयार केले. त्यातले 'हिरो' नावाचे खूणचित्र आजही सरावासाठी वापरले जाते.

छापील कागदावर खूण आणि माहिती फोनवर, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही ते आले आणि २०२० मध्ये डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. फरक एवढाच, की पुस्तकातला कोड फोनला 'काय दाखवायचे' ते सांगतो आणि आपले खूणचित्र 'कुठे आणि कोणत्या कोनातून दाखवायचे' हेही सांगते.

आधी मापे, मग संगणक

दिवाळीतला किल्ला आठवा. मावळा दिंडीदरवाजापेक्षा उंच असतो आणि कोणाची त्याबद्दल तक्रार नसते. विज्ञानाच्या देखाव्यात मात्र तक्रार असायला हवी. म्हणून संगणक सुरू करण्याआधी कागदावर मापे ठरवू.

खूणचित्राची काळी चौकट १० सेंटिमीटरची छापा. आपण वापरणार आहोत त्या पद्धतीत खूणचित्राची बाजू म्हणजे १ एकक. आडवे प्रमाण १:१००० घेतले, तर १ एकक म्हणजे १०० मीटर. ४०० मीटर लांब आणि २५० मीटर रुंद धारण तलाव ४ × २.५ एककांचा होईल, म्हणजे बाकावर ४० × २५ सेंटिमीटर. आता उंची पाहा. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांत सुमारे ४ मीटरचा फरक पडतो. या प्रमाणात तो अवघा ४ मिलिमीटर होईल. तो दिसणारच नाही! म्हणून उंची २० पट वाढवू. उभ्या दिशेत १ एकक म्हणजे ५ मीटर. ही वाढ देखाव्यावरच लिहून ठेवा. तोच गुणक द्रोणागिरीच्या डोंगराला लावला तर त्याचा सुळका होईल, हे मुलांना करून दाखवण्यासारखे आहे.

आणखी एक सापळा आहे. पावसाळ्यात वर्तमानपत्रात '४.५ मीटरची भरती' असे छापून येते. ही उंची मोजतात ती ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीजवळच्या शून्यापासून. जमिनीची उंची मात्र नकाशावर सरासरी समुद्रपातळीपासून दिलेली असते. मुंबईजवळ या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरचे अंतर आहे. म्हणजे ४.५ मीटरची भरती सरासरी पातळीच्या वर जेमतेम २ मीटर असते. दोन आकडे थेट वजा केले की देखावा खोटा ठरलाच.

आपण भरतीचे शून्य धरू. समुद्र ०.५ ते ४.५ मीटर, म्हणजे ०.१ ते ०.९ एकक. तलावाचा तळ २ मीटर, म्हणजे ०.४ एकक. वसाहतीची जमीन ३.५ मीटर, म्हणजे ०.७ एकक. बांधाचा माथा ५.५ मीटर, म्हणजे १.१ एकक. जमीन, तलाव आणि बांध यांचे आकडे सरावासाठी मानलेले आहेत. आपल्या गावाचे खरे आकडे मिळवणे हाच पुढचा प्रकल्प.

देखावा उभारणे

'ए-फ्रेम' आणि 'एआर डॉट जेएस' ही दोन मोफत साधने फोनच्या ब्राउझरमध्ये चालतात, वेगळे ॲप लागत नाही. त्यांची रचना डब्यात डबा ठेवल्यासारखी असते. बाहेर 'दृश्य', त्याच्या आत 'खूणचित्र', त्याच्या आत आपले ठोकळे आणि दृश्यातच शेवटी 'कॅमेरा'. खूणचित्राच्या आत जे ठेवाल ते कागदाला चिकटून राहील.

प्रत्येक ठोकळ्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात : आकार, जागा आणि रंग. जागा तीन अक्षांवर देतात. एक्स उजवीकडे, वाय कागदापासून वर आणि झेड आपल्या दिशेने. पहिली चूक इथेच होते. जागा म्हणजे ठोकळ्याच्या मध्यबिंदूची जागा. १.१ एकक उंचीचा बांध शून्यावर ठेवला तर तो अर्धा कागदात रुतेल. त्याचा मध्य ०.५५ वर हवा.

समुद्रासाठी पातळ निळा पत्रा घ्या आणि तो ०.१ आणि ०.९ या उंचींमध्ये खालीवर होईल अशी चलनाची आज्ञा द्या. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. पत्र्याची एक पूर्ण फेरी २५ सेकंदांची ठेवली, तर पडद्यावरचा १ सेकंद म्हणजे जवळपास अर्धा तास. झडप मात्र नुसत्या ठोकळ्याने चांगली दिसत नाही. ती 'ब्लेंडर'मध्ये करून 'जीएलबी' प्रकारच्या फाइलमध्ये साठवा आणि दृश्यात आणा. ब्लेंडरमध्ये वरची दिशा झेड असते आणि या फाइलमध्ये वाय. साठवताना 'वाय वर' हा पर्याय ठेवला नाही, तर झडप आडवी पडेल.

काही अडचणी नेहमीच्या आहेत. कॅमेरा सुरू होत नसेल तर पानाचा पत्ता पाहा. ब्राउझर फक्त एचटीटीपीएसने सुरू होणाऱ्या सुरक्षित पानालाच कॅमेरा देतो. देखावा थरथरत असेल तर चकचकीत कागद टाळा आणि काळ्या चौकटीभोवती पांढरी कड सोडा. हाताने खूणचित्र झाकले की देखावा नाहीसा होतो. मात्र पडद्यावर काढलेल्या बांधाने ते झाकले तर काही बिघडत नाही, कारण कॅमेऱ्याला तो बांध दिसतच नाही. देखावा मैदानात न्यायचा मोह होईल, पण साध्या फोनची उपग्रहावरून जागा ओळखण्याची चूक काही मीटरची असते. शिवाय पडद्याकडे बघत चालणारी मुले आणि बंदराकडे जाणारे ट्रेलर यांची गाठ पडू देऊ नये. बाकच बरा.

सॉफ्टवेअर कोणते शिकावे?

ही साधने फार लवकर बंद पडतात. त्रिमितीय वस्तूंचा 'गूगल पॉली' हा संग्रह २०२१ मध्ये बंद झाला. 'मेटा स्पार्क' १४ जानेवारी २०२५ रोजी बंद झाले. 'अडोबी एरो'चाही २०२५ मध्येच शेवट झाला. ज्यांचे काम केवळ त्या कंपन्यांच्या संगणकांवर होते, त्यांना ते हलवावे लागले. म्हणून आपल्या वस्तू जीएलबीसारख्या खुल्या प्रकारात स्वतःजवळ ठेवा आणि मापांचा कागद जपून ठेवा. अक्ष, प्रमाण आणि खूणचित्र ही गणिते कोणतीही कंपनी बंद करू शकत नाही.

देखाव्याला विचारायचा प्रश्न

आता मुख्य प्रयोग. समजा भरती आहे आणि झडप बंद आहे. १ चौरस किलोमीटर वसाहतीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळे पाणी तलावात आले. ते १ लाख घनमीटर होते. आपला तलाव १ लाख चौरस मीटरचा आहे. म्हणजे पाणी १ मीटर चढेल. तलावातला पत्रा ०.४ वरून ०.६ वर न्या. जमीन ०.७ वर आहे. वसाहत कोरडी राहिली.

आता मुलांना सांगा, की ही रिकामी जागा उगाच पडून आहे, अर्धा तलाव भरून टाका. पाऊस तोच ठेवा. पाणी आता २ मीटर चढते आणि पत्रा ०.८ वर जातो. निळा रंग जमिनीवर पसरतो. ओहोटी येईपर्यंत, म्हणजे पडद्यावर दहाबारा सेकंद, काहीही करता येत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा त्यात भरतीचीही भर होती. ते पाणी का हटत नव्हते, हे अशा वेळी वेगळे सांगावे लागत नाही.

पाणजेसारख्या पाणथळीवर हिवाळ्यात पक्षी येतात, एवढे उरणच्या मुलांना माहीत असते. पाणथळ जागा आणि धारण तलाव पावसाळ्यात आपल्या घरासाठी काय करतात, हे त्यांनी स्वतःच्या बाकावर पाहावे. मग त्यांना भरतीचे वेळापत्रक घेऊन बसवा आणि विचारा : येत्या पावसाळ्यात कोणत्या दिवशी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत झडप बंद राहील?