नरम व्हई काय कडक?

कुडाळला समुद्र नाही, हे मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना अजूनही सांगावं लागतं. भंगसाळ नदी आहे, कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, महामार्ग आहे, एमआयडीसी आहे. मासळी मात्र येते ती मालवण, वेंगुर्ला, निवतीहून, बर्फात दाबून, टेम्पोतून. अंतर तसं फार नाही, सकाळी बंदरावर उतरलेला मासा दुपारच्या जेवणाला कुडाळात सहज पोचतो. तरीही हे अंतर ताटात दिसतं. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर राहणारा आणि कुडाळच्या बाजारपेठेत राहणारा, दोघे बोलतात मालवणीच, दोघांच्या वाटपात तेच खोबरं आणि तीच तिरफळं. पण सुरमईची तुकडी कितपत भाजावी, हा विषय निघाला की फाटे फुटतात. दांडीवरच्याला मधल्या काट्यापासून मास सुटलं की पुरे. बाजारपेठेतला म्हणतो, "माका जरा कडक काडा."

चार माणसं ओळखणारी खानावळ असेल तर वाढणारा आधीच विचारतो, "नरम व्हई काय कडक?" प्रश्न एवढाच, उत्तरंही दोनच. यापलीकडची शिडी आमच्याकडे नाही.

ही शिडी ज्यांनी बारकाईने बांधली ते म्हणजे स्टेक खाणारे पाश्चात्त्य. गोमांसाचा जाड काप तव्यावर टाकण्याआधी तिथला वेटर विचारतो: रेअर, मीडियम रेअर, मीडियम, मीडियम वेल की वेल डन? प्रत्येक पायरीला आकडा आहे. आतलं तापमान साधारण 52 अंश सेल्सियसला आलं की रेअर, 55 च्या आसपास मीडियम रेअर, 60 ला मीडियम आणि 70 च्या पुढे वेल डन. म्हणजे तळापासून माथ्यापर्यंतचं सगळं भांडण जेमतेम 20 अंशांचं. पण त्यावरून माणसाची पारख केली जाते. डोनाल्ड ट्रम्प स्टेक पार करपेपर्यंत भाजून घेतात आणि वर केचप ओततात, याची अमेरिकेत त्यांच्या राजकारणाइतकीच थट्टा झाली.

आपल्याकडे हा वाद त्या मांसावरून रंगण्याची शक्यता कमीच. महाराष्ट्रात गोहत्याबंदीचा कायदा 1976 चा. त्यात बैल आणि वळू यांचाही समावेश करणारी दुरुस्ती 1995 मध्ये विधिमंडळाने केली, राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर ती लागू झाली 2015 च्या मार्चमध्ये. तेव्हापासून मुंबईतल्या हॉटेलांतला स्थानिक स्टेक म्हशीचा. बांद्याची हद्द ओलांडून गोव्यात गेलं की चित्र बदलतं, पण कुडाळचा माणूस गोव्यात गेला तरी बहुतेक वेळा फिशकरी-राइसच मागवतो. आमचा स्टेक म्हणजे सुरमईची आडवी, गोल, मधोमध काटा असलेली तुकडी. गोमांसाचे नियम तिला लावून पाहिले तर काही तंतोतंत जुळतात, काही साफ कोसळतात.

जुळतं ते आधी सांगतो. मांस असो की मासा, शिजणं म्हणजे स्नायूंतल्या प्रथिनांची घडी उलगडून ती एकमेकांत अडकून घट्ट होणं. घट्ट होताना ती पाणी पिळून बाहेर टाकतात. थोडं घट्ट झालं की घास भरीव लागतो, फार झालं की चोथा. गोमांसात हे पाणी सुटणं 60 अंशांच्या पुढे जोरात सुरू होतं. माशात त्याच्या बरंच आधी. पाण्यात तरंगणाऱ्या जिवाला स्वतःचं वजन पेलायचं नसतं, त्यामुळे त्याच्या मासात जोडणाऱ्या तंतूंचं जाळं विरळ असतं, आणि जे असतं तेही कमी उष्णतेत विरघळतं. म्हणूनच शिजलेल्या सुरमईच्या पाकळ्या बोटाने सुटतात, बोकडाच्या मांसाच्या सुटत नाहीत. अरबी समुद्रातला मासा उत्तरेच्या थंड पाण्यातल्या कॉडपेक्षा थोडी अधिक आच सोसतो, कारण त्याची प्रथिनं उबदार पाण्याला सरावलेली असतात. तरी एकूण हिशेब असा की स्टेक जिथे अजून रेअर किंवा मीडियम रेअर म्हणवला जातो, त्या 50-55 अंशांना सुरमई खाण्याजोगी शिजलेली असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची शिफारस 63 अंशांची आहे. आपल्या तव्यावर ती तुकडी 80-90 पर्यंत सहज जाते आणि कोणी तक्रार करत नाही.

तक्रार का करत नाही, तर कवच. आधी मीठ, हळद, आगळ किंवा कोकम लावून मासा मुरवायचा, मग मसाला, मग रवा किंवा तांदळाचं पीठ, आणि बिडाचा तवा. आगळाचा आंबटपणा आचेआधीच वरच्या थरातली प्रथिनं घट्ट करायला लागतो. अर्धा तास मुरवलेली तुकडी उलटताना धरायला सोपी जाते ती त्यामुळे, आणि सकाळी लावून दुपारी तळलेली कोरडी लागते तीही त्यामुळेच. पुढे तव्यावर रव्यातलं पाणी उडालं की त्याचा पृष्ठभाग 140 अंशांच्या वर चढतो आणि तपकिरी, खमंग होतो. या रासायनिक क्रियेला लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव आहे. त्याने ती 1912 मध्ये मांडली. आतली तुकडी मात्र ओली आहे तोवर 100 च्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे "कडक" मागणाऱ्याला खरं तर रवा कडक हवा असतो. मास कडक झालं तर त्यालाही ते आवडत नाही, फक्त तो तसं म्हणत नाही.

रवा कडक आणि मास नरम, हे दोन्ही साधणं हेच तव्यावरचं खरं कसब. जाड तुकडी, मध्यम आच, रव्याचा पातळ हात, आणि उलटायची एकदाच. पातळ तुकडीवर जाड रवा थापला की कवच तपकिरी होईपर्यंत आतली सुरमई लाकूड झालेली असते. हायवेवरच्या पुष्कळ हॉटेलांत नेमकं हेच मिळतं: तुकडी पातळ, कारण नगावर दर लावलेला, रवा भरपूर, कारण त्याने ती मोठी दिसते. अशा ठिकाणी नरम मागा की कडक, उत्तर ठरलेलं असतं.

कॅनडाच्या मत्स्य खात्याने मागे एक सोपा नियम लोकप्रिय केला: माशाच्या सर्वांत जाड भागाची जाडी मोजा आणि दर इंचाला 10 मिनिटं शिजवा. घरोघरी तो अजून सांगितला जातो. आमच्याकडच्या बायका पट्टी लावत नाहीत, त्या ऐकतात. तुकडी तेलात पडली की जोराचा चुरचुराट होतो, तो पाण्याची वाफ होऊन बाहेर पडण्याचा आवाज. तो हळूहळू बसतो, बारीक होतो. बसायला लागला की उलटायची. जिला हा आवाज कळतो तिला घड्याळ लागत नाही. एक जुना समजही या आवाजाने खोटा ठरतो. जोराच्या आचेवर टाकलं की मांसाची छिद्रं बंद होतात आणि रस आत कोंडला जातो, असं जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने 1847 च्या सुमारास मांडलं आणि जगभरच्या स्वयंपाक्यांनी ते खरं मानलं. कोकणातही "आधी मोठ्या आचेर टाक, रस भायर जावक नाय" असं सांगणारे आहेत. रस कोंडला गेला असता तर तवा गप्प बसला असता.

आता जिथे गोमांसाचा नियम माशाला लागू होत नाही, ती जागा. स्टेक आतून लाल खाणाऱ्यांच्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद आहे: अखंड मांसाच्या कापात जंतू असतात ते बाहेरच्या पृष्ठभागावर. तो भाजला गेला की आतला भाग कच्चा राहिला तरी धोका फार कमी. खिम्यात तसं नाही, कारण पृष्ठभाग दळून आत मिसळलेला असतो. म्हणून खिम्याला 71 अंश. आणि तो लाल रसही रक्ताचा नसतो. स्नायूत प्राणवायू साठवणाऱ्या मायोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा तो रंग, 60 च्या पुढे तो करडा-तपकिरी होतो. सुरमईच्या काट्याजवळ दिसणारा लाल ठिपका मात्र बहुधा रक्ताचाच, कारण मणक्याखालून मोठी रक्तवाहिनी जाते आणि काट्याजवळचा भाग सर्वांत शेवटी तापतो. ताट परत पाठवणारे तिथेच बोट ठेवतात. बरोबरच ठेवतात.

पण कडक मागण्यामागचं खरं कारण, माझ्या मते, जिभेचं कमी आणि संशयाचं जास्त आहे. मासा कालचा असेल, बर्फातून निघून किती वेळ झाला कोण जाणे, मग "कडक तळलो की बाधत नाय". बंदरापासून जितकं आत जावं तितका हा विश्वास पक्का होत जातो, आणि कुडाळ नेमकं त्या वाटेवर आहे. चाकरमानी मे महिन्यात येतात ते हाच हट्ट घेऊन येतात, कारण मुंबईत मासळी हातात पडेपर्यंत तिने बराच प्रवास केलेला असतो.

हा विश्वास अर्धाच खरा आहे. जंतू मरतात, माशातला अनिसाकिससारखा कृमीही 60 अंशांना मिनिटभरात मरतो. कच्चा मासा खायचा असेल तर यासाठी तो आधी गोठवून घ्यावा, उणे 20 अंशांना 7 दिवस, अशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची शिफारस आहे. पण बांगडा आणि सुरमई ज्या कुळातले, त्याच कुळात ट्यूनाही येतो, आणि या कुळाला एक खास खोड आहे. त्यांच्या मासात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उन्हात, बर्फाशिवाय पडून राहिला की जंतू त्याचं हिस्टामाइन करतात. हे हिस्टामाइन एकदा झालं की तळून जात नाही, उकळून जात नाही, गोठवूनही जात नाही. डब्यात बंद केलेल्या माशातसुद्धा ते टिकतं. जीभ चुरचुरते, चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर गांधी उठतात. हे खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते एकदोन तासांत. पुष्कळांना वाटतं आपल्याला बांगड्याची ॲलर्जी आहे. वर्षानुवर्षं बांगडा खाणाऱ्याला एखाद्याच दिवशी ती ॲलर्जी कशी झाली, हा प्रश्न मग कोणी विचारत नाही. (डॉक्टरकडे जायचंच, तेवढं मात्र खरं.) म्हणजे ज्या माशाबद्दल शंका आहे तो कडक तळण्यापेक्षा न घेणं शहाणपणाचं, आणि ज्याबद्दल शंका नाही तो कडक तळायचं कारण नाही. कल्ले उघडून पाहणं, पोट दाबून पाहणं आणि टोपलीत बर्फ किती आहे हे बघणं, यात जे मिळतं ते तव्यावर मिळत नाही.

बांगडा तसा क्षमाशील आहे. पावसाळ्यानंतरच्या बांगड्यात चरबी चांगली असते, थोडा जास्त भाजला तरी कोरडा पडत नाही. चिरा देऊन, आत मसाला भरून, सगळाच्या सगळा तव्यावर टाकला की शेपटीकडचा भाग कुरकुरीत आणि पोटाकडचा मऊ, म्हणजे एका माशात दोन्ही मतांची सोय. सुरमईला ती सवलत नाही. पापलेटही नाजूकच, पण त्याचं मास बारीक पाकळ्यांचं असल्याने चूक लवकर लपते.

बाकीच्या मासळीचे नियम आणखी वेगळे. माकुल, म्हणजे स्क्विड, दोन मिनिटांत उतरवायचा नाहीतर अर्धा-पाऊण तास शिजू द्यायचा. मधल्या वेळात तो रबर असतो आणि घाईच्या दिवशी नेमका तेव्हाच उतरवला जातो. कोळंबीचा लाल रंग आधीपासून तिच्यात असतोच, एका प्रथिनाने तो झाकून ठेवलेला असतो. आच लागली की प्रथिन मोडतं आणि रंग उघडा पडतो. लाल झाली आणि अर्धगोल वळली की पुरे, पूर्ण गोल झाली की उशीर झाला. तिसरे, म्हणजे शिंपले, स्वतःच सांगतात, शिंपली उघडली की काम झालं. गावठी कोंबड्याचा न्याय पार उलटा. त्याचे जोडतंतू वयाने घट्ट झालेले असतात, ते विरघळायला तास-दीड तास मंद आच लागते, आणि वड्यांबरोबर रस्सा वाढताना त्याला कोणी नरम की कडक विचारलं तर लोक हसतील.

घरात मात्र वाटणी ठरलेली असते. म्हाताऱ्यांना पोटाची तुकडी, जरा आधी काढलेली. पोरांना शेपटीकडची, तव्यावर मिनिटभर जास्त राहिलेली, कारण त्यांना रवाच खायचा असतो. तळणारणीच्या वाट्याला बहुतेक वेळा तव्यात मोडलेला तुकडा आणि खाली राहिलेला रव्याचा चुरा येतो. तो चुरा भातावर घालून खाल्ला तर सगळ्यांत चविष्ट तोच, हे ती सांगत नाही.

जून-जुलैत मासेमारी बंद होते तेव्हा हा वादही बंद होतो. मग माळ्यावरचे खारे बांगडे निघतात, चुलीच्या निखाऱ्यांवर भाजले जातात आणि उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर चिमटीचिमटीने खाल्ले जातात. तिथे नरम काही नसतंच. विचारायचं असतं ते एवढंच, की भाजण्याआधी मीठ नीट धुतलंय ना.