‘भात बंद’ म्हणण्यापूर्वी

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. पहाटे पाचच्या सुमारास दवाखान्याचे दार वाजले. रिक्षातून एका काकूंना आणले होते. अंग घामाने चिंब, हात थरथरत होते, विचारलेल्याचे उत्तर धड देता येत नव्हते. बोटातून थेंब काढून साखर पाहिली. ४६! शिरेतून ग्लुकोज दिल्यावर थोड्या वेळात काकू भानावर आल्या. या गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून त्यांना दिवसभर ठेवून घेतले.

काकूंना मधुमेहाची गोळी मीच सुरू केली होती. पथ्यही मीच सांगितले होते, “भात बंद. भाकरी-चपाती खा.” सोलापूर जिल्ह्यात गेली पंचवीस वर्षे मी हेच वाक्य सांगत आलो. ज्वारीच्या मुलखात त्याने फारसे कुणाचे अडत नाही. इथे भात म्हणजे जेवणाच्या शेवटी चार घास. पण या काकू मालवणकडच्या. मुलाच्या नोकरीमुळे इकडे आलेल्या. जन्मभर दोन्ही वेळचे जेवण भाताचे. त्यात दातांची कवळी. कडक भाकरी चावेना, म्हणून चतकोर खाऊन उठायच्या. सून काळजी घेणारी. तिने मोबाईलवर मधुमेहींचे पदार्थ शोधले आणि ओट्सचा उपमा, क्विनोआची खिचडी करून पाहिली. काकूंनी चमचाभर चाखून ताटली बाजूला सारली. गोळी मात्र न चुकता घेत होत्या. गोळी पोटात आणि अन्न नाही, मग साखर उतरणारच.

“काकू, जेवण जात नव्हतं तर मला सांगितलं का नाही?” मी विचारले.

त्या म्हणाल्या, “डॉक्टरांनू, भाताशिवाय जेवल्यासारख्या वाटणा नाय. पण तुमीच बंद सांगितलास, मग काय बोलतलंय?”

चूक त्यांची नव्हती, सुनेचीही नव्हती. मी आजार विचारला, ताट विचारले नाही.

मुलूख बदलला की ताट बदलते

आपल्या राज्याचे ताट पावसाने आणि मातीने ठरवले आहे. कोकणात पाऊस भरपूर, म्हणून भात, मासे, नारळ आणि कोकम. डोंगरउतारावर नाचणी. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडेही धानच पिकते. खानदेशात ज्वारी-बाजरी आणि कळण्याची भाकरी, सोबत वांग्याचे भरीत. विदर्भात जवसाची चटणी. आपल्याकडे काळ्या जमिनीतली रब्बी ज्वारी, शेंगाची चटणी, हुलग्याचे माडगे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. आणि एकाच गावात तरी ताट एक कुठे असते? सोलापूर शहरात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या तेलुगू भाषक पद्मशाली कुटुंबांत भाताचे स्थान मोठे आहे. तिथे ‘भात बंद’ म्हणणे म्हणजे जेवणच बंद करण्यासारखे.

आता शास्त्र पाहू. तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी यांतले कोणतेही धान्य १०० ग्रॅम घेतले, तर त्यातून सुमारे ३२० ते ३६० कॅलरी मिळतात. म्हणजे उष्मांकात फार फरक नाही. फरक आहे तो इतर गोष्टींत. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतुमय भाग असतो, पॉलिश केलेल्या तांदळात ३ ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे भाताने साखर लवकर चढते, हे खरेच. नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. लोहाच्या बाबतीत बाजरी तांदळाच्या कितीतरी पुढे आहे.

पण म्हणून भाकरी म्हणजे औषध नव्हे. “डॉक्टर, मी भाताला शिवतसुद्धा नाही, तरी साखर ३००!” असे सांगणारे एक शेतकरी माझ्याकडे येतात. चौकशी केली, तर एका बैठकीला मोठाल्या तीन भाकरी. पूर्वी दिवसभर औताच्या मागे चालत तेव्हा त्या जिरत. आता शेतात ट्रॅक्टर आणि स्वतः कट्ट्यावर. भाकऱ्या मात्र तीनच राहिल्या.

मोबाईलवरची पाककृती

१९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि वाटी-चमच्याचे माप घराघरांत पोचले. आज पाककृती मोबाईलवर शोधतात. त्यात वाईट काही नाही. पण माझ्या रुग्णांकडून ऐकतो तेव्हा एक गोष्ट खटकते. परमुलखातून आपण सणावाराचे पदार्थ तेवढे आणतो, रोजचे आणत नाही. कोल्हापूरचा तांबडा रस्सा येतो, नागपूरचे सावजी मटण येते, पंजाबचे छोले-भटुरे येतात. त्या त्या गावात हे रोज कोण खातो? तिथल्या माणसाच्या रोजच्या ताटात पालेभाजी, डाळ, ताक, आंबील असते. ते मोबाईलवर कुणी शोधत नाही. मग सोमवारी एका प्रांताची मेजवानी, बुधवारी दुसऱ्या प्रांताची. तेलाची बाटली महिन्याऐवजी पंधरा दिवसांत संपते आणि रक्तदाबाची गोळी वाढवायला माणूस माझ्याकडे येतो.

कुळीथ आणि हुलगा

काकूंचे पुढे काय झाले? त्यांची गोळी मी कमी केली आणि सुनेला समोर बसवून विचारले, “गावाकडे रोज काय जेवायच्या?” काकूच सांगू लागल्या, “पेज, कुळथाची पिठी, भात, माशाची आमटी.” सून म्हणाली, “कुळीथ इथे कुठे मिळणार?” मी म्हणालो, “अहो, आपला हुलगा तोच!” ज्याचे आपण माडगे आणि शेंगोळे करतो, तेच कोकणातले कुळीथ. १०० ग्रॅममध्ये सुमारे २२ ग्रॅम प्रथिने. आठवडी बाजारात कुठेही मिळते. सुनेने त्या रात्री मोबाईलवर कुळथाची पिठी शोधली, काकूंनी शेजारी उभे राहून दुरुस्त्या सांगितल्या.

आता काकू दोन्ही वेळ एक मध्यम वाटी भात खातात. त्यात ३० ते ४० ग्रॅम तांदूळ असतो. सोबत भरपूर भाजी आणि पिठी किंवा डाळ. सकाळी नाचणीची मऊ भाकरी. तीन महिन्यांची सरासरी साखर ७.४ वर आली. पुन्हा तशी पहाट आली नाही.

वाचकांनी लक्षात ठेवावे

१. पथ्य सांगताना डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आपण रोज काय आणि किती खातो ते सांगा. सांगितलेले पथ्य जमत नसेल तर लाजू नका.

२. धान्य बदलण्याआधी प्रमाण बदला. अर्धे ताट भाजीचे, पाव डाळ-उसळीचे किंवा मासे-अंड्याचे, पाव भात-भाकरीचे.

३. दिवसाचे मीठ एका लहान चमच्याच्या आत, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे. लोणचे, पापड, खारा मासा, शेंगाची चटणी यांतले मीठही त्यात धरा.

४. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण टाळू नका. उपवास करायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. घाम, थरथर, धडधड, गोंधळ जाणवला तर साखर पाहा. ७० च्या खाली असेल, किंवा तपासणीचे यंत्र जवळ नसेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. बरे वाटले की जेवून घ्या आणि डॉक्टरांना कळवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, थेट दवाखाना गाठा.

५. मोबाईलवर पाककृती जरूर शोधा. पण ती किती माणसांची आहे आणि तेल किती आहे, हे आधी पाहा.

माझ्या टेबलावर छापील पथ्याच्या कागदांचा गठ्ठा असे. तो आता मी कपाटात ठेवला आहे. नवा रुग्ण आला की पहिला प्रश्न विचारतो, “गाव कोणतं तुमचं?”