पोच

पाच-सहा वर्षांपूर्वी गावच्या ग्रामपंचायतीत पाहिलेला प्रसंग. ऐन एप्रिल. सात-आठ बाया रोजगार हमीचं काम मागायला आल्या होत्या. मागणी अर्जाचा नमुना 4 भरलेला, अंगठे उठवलेले. "ठेवा तिथं, बघू," टेबलामागून उत्तर आलं. बाया वळल्या. एक मावशी मात्र जागच्या हलल्या नाहीत. "पोच द्या. तारीख घालून द्या."

त्या चिटोऱ्याचं मोल कळायला मला वेळ लागला. काम मागितल्यापासून 15 दिवसांत काम द्यायचं आणि नाही दिलं तर बेकारभत्ता द्यायचा, अशी जबाबदारी कायद्यानं सरकारवर टाकली. पण ते 15 दिवस मोजायचे कुठून? पोचेवरच्या तारखेपासून. तारीखच पडली नाही, तर उशीर झाल्याचं सिद्ध कसं करणार? न्यायी सरकारकडून काय अपेक्षा धरावी असं कुणी विचारलं, की मला आधी ही पोच आठवते. आपण काही मागितलं हे सरकारनं लेखी मान्य करावं, इथूनच सगळी सुरुवात होते.

महाराष्ट्र हे सहजी शिकला नाही. 1972 च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जायची. तांबड्या मिलोची भाकरी आणि सुकडी यांवर तिनं ते दिवस काढले. मे 1973 मध्ये राज्यात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्या कामांनी असंख्य घरं जगवली, यात शंका नाही. पण आजी कायम म्हणायची, "सरकारनं काम काढलं म्हणून वाचलो." काम काढणं सरकारच्या हाती, बंद करणंही त्याच्याच. मागणारा कुठेच नव्हता.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी नेमकं हेच उलटं केलं. काम सरकारनं काढेपर्यंत थांबायचं नाही, मजुरानं ते मागायचं, असा त्यांचा आग्रह. तासगाव तालुक्यातल्या विसापुरात त्यांनी ही कल्पना आधी अजमावली होती. 1977 मध्ये कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. 'मागेल त्याला काम' हे शब्द तेव्हा घरोघर पोचले. 2005 मध्ये देशानं केलेल्या रोजगार हमी कायद्याला हाच पाया मिळाला.

पैसा कुठून आला, हेही शहरातल्या वाचकानं लक्षात ठेवावं. पगाराच्या पावतीवर व्यवसाय कराचे महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसतात. हा कर 1975 मध्ये रोजगार हमीसाठीच बसवला गेला. मुंबई-पुण्याच्या पगारदारानं माण-आटपाडीच्या मजुराची चूल पेटती ठेवावी, एवढी सरळ ती योजना होती. मला तिचा आजही अभिमान वाटतो.

काळजी हा शब्द कायद्यात सहसा सापडत नाही, तिचा मजकूर मात्र सापडतो. 2005 च्या कायद्यात एक कलम होतं. सहा वर्षांखालची पाच किंवा त्याहून जास्त मुलं कामावर आली, तर त्यांना सांभाळायला मजुरांपैकीच एक बाई नेमायची आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. हे लिहिणाऱ्यानं कामावरची बाई जवळून पाहिली असणार. कामांवर फिरताना मला अशी नेमलेली बाई क्वचितच दिसली. बाभळीला बांधलेल्या झोळ्याच जास्त दिसल्या, आणि दर चार घमेल्यांमागे झोळीकडे धावणाऱ्या आया. कलम चांगलं असून भागत नाही. ते नाल्याच्या काठापर्यंत नेणं हेही सरकारचंच काम.

2005 च्याच माहिती अधिकार कायद्यानं उत्तराला 30 दिवसांची मुदत घातली. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं दाखल्यांनाही मुदती ठरवल्या आणि विनाकारण अडवणाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड ठेवला. या दोन्ही कायद्यांतही अर्ज केल्याचा दिवस कागदावर आला, तरच माणसाला पुढे दाद मागता येते.

त्या दिवशी पोच मिळाली. दहा मिनिटं लागली, शिक्का शोधावा लागला. मावशींना वाचता येत नव्हतं. बाहेर येऊन त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "तारीख आजचीच घातलीय का, तेवढं बघ बाळा."