विश्लेषण : वाघासाठी गावे हलली, मग पर्यटकांसाठी पूल का? चिखलदऱ्याच्या ‘स्कायवॉक’चा वाद काय आहे?

पावसाळा लागला की मालेगाव, वाशिम, अकोला भागातून शनिवार-रविवारी गाड्या चिखलदऱ्याच्या दिशेने निघतात. मेडशी, पातूर, अकोला करत परतवाडा गाठायचे आणि पुढे घाट चढायचा, हा रस्ता इथल्या अनेक कुटुंबांच्या पाठ आहे. महाबळेश्वर दूर आणि खर्चिक. विदर्भात थंड हवेचे ठिकाण म्हणावे असे हे एकच. त्यामुळे तेथे काय बांधायचे आणि किती, हा वाद केवळ अमरावती जिल्ह्यापुरता राहत नाही.

प्रकल्प नेमका काय आहे?

चिखलदरा सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. शहर आणि लगतची शहापूर, आलाडोह, मोथा, लवादा ही गावे मिळून पर्यटन केंद्र विकसित करण्याचे काम राज्य सरकारने ‘सिडको’कडे सोपवले. त्यातलाच सर्वाधिक गाजलेला प्रकल्प म्हणजे गोराघाट ते हरिकेन पॉइंट असा दरीवरून जाणारा ४०७ मीटर लांबीचा स्कायवॉक. एकाच केबलवर तोललेला जगातील सर्वांत लांब पूल अशी त्याची ओळख करून देण्यात आली. नुसती लांबी पाहिली तर पादचाऱ्यांचे याहून लांब झुलते पूल जगात आहेत. स्वित्झर्लंडमध्ये २०१७ मध्ये ४९४ मीटरचा, तर चेकियामध्ये २०२२ मध्ये ७२१ मीटरचा पूल खुला झाला. विक्रमाच्या भरवशावर येणारी गर्दी किती टिकेल, हा प्रश्न त्यामुळे उरतोच.

काम का रखडले?

चिखलदरा मेळघाटच्या कुशीत आहे. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाची योजना सुरू झाली तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २००६ च्या दुरुस्तीनुसार व्याघ्र प्रकल्प आणि वाघांचे भ्रमणमार्ग असलेली जमीन निसर्गाला न झेपणाऱ्या कामांसाठी वळवता येत नाही. अपवाद करायचा तर सार्वजनिक हित दाखवावे लागते, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा सल्ला आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता लागते. या परवानग्यांच्या फेऱ्यात स्कायवॉकचे काम अडकले आणि मुदती हुकत गेल्या.

समर्थकांचे म्हणणे काय?

पश्चिम महाराष्ट्रात महाबळेश्वर, पाचगणी, लोणावळा. विदर्भाच्या वाट्याला मात्र एकटा चिखलदरा, आणि तोही दुर्लक्षित, ही जुनी खंत आहे. येथील हंगाम मुख्यतः पावसाळ्यातील काही आठवड्यांचा. उरलेले महिने हॉटेल, चहाची टपरी, गाईड, जीपचालक यांची कमाई रोडावते. मेळघाटातील कोरकू कुटुंबांना कामासाठी गाव सोडावे लागते. वर्षभर पर्यटक आले तर रोजगार जागेवर मिळेल, असा समर्थकांचा युक्तिवाद आहे. तो उडवून लावण्यासारखा नाही.

विरोध कशाला?

वन्यजीव अभ्यासकांचा आक्षेप एकट्या पुलाला नाही. पुलामागून वाढणारी वाहने, रात्रीचे दिवे, डीजे, कचरा आणि रिसॉर्टसाठी होणारी जमिनीची खरेदी हा खरा भार आहे. आणखी एक बोचरा मुद्दा पुनर्वसनाचा. चिखलदऱ्याजवळचे वैराट हे मेळघाटातील सर्वांत उंच ठिकाण. वाघांना मोकळी जागा हवी म्हणून तेथील गाव हलवण्यात आले. मेळघाटातील अशा गावांसाठी केंद्राच्या २००८ च्या योजनेनुसार कुटुंबामागे १० लाख रुपयांचे पॅकेज होते; २०२१ मध्ये ते १५ लाख झाले. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचा वावर जंगलाला जड होत असेल, तर दोन दिवसांसाठी येणाऱ्यांचा कसा होत नाही, या प्रश्नाला प्रकल्पाच्या कागदांपलीकडे जाऊन उत्तर द्यावे लागेल.

पाण्याचे काय?

चर्चेत सर्वांत मागे पडलेला मुद्दा हाच. चिखलदऱ्यात धो धो पाऊस पडतो, पण तीव्र उतार आणि काळ्या बेसॉल्ट खडकामुळे बरेचसे पाणी वाहून जाते. उन्हाळ्यात तालुक्यातील खडीमलसारख्या गावांना टँकरची वाट पाहावी लागते. शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार जेमतेम ५ हजार. एखाद्या सुट्टीला त्याहून जास्त माणसे वर आली तर नळ, शौचालये, पार्किंग, कचरागाडी सगळेच अपुरे पडते. वाघासाठी कायदा आणि मंडळ आहे. टँकरमागे हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईचा हिशेब मात्र कोणत्याच परवानगीत ठळकपणे मांडला जात नाही.

इतर ठिकाणी काय केले?

महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झाले. बांधकामावर बंधने आली, तरी पर्यटन थांबले नाही. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात ऑनलाइन नोंदणी आणि रोजच्या पर्यटकसंख्येवर मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन तात्पुरते थांबवले आणि ऑक्टोबरमध्ये ते नव्या मार्गदर्शक सूचनांसह पुन्हा सुरू केले. गाभा क्षेत्राचा जास्तीत जास्त २० टक्के भाग पर्यटनासाठी, असे त्या सूचनांत ठरले. म्हणजे बंदी आणि मोकळीक यांच्यामध्ये तिसरा रस्ता आहे : आधी क्षमता मोजायची, मग बांधायचे.

पुढे काय?

चिखलदऱ्यात पर्यटनाला पुलाखेरीज आधार नाही असेही नाही. येथे कॉफी पिकते, मोथ्याच्या शेतात स्ट्रॉबेरी होते, आमझरी ‘मधाचे गाव’ म्हणून पुढे आले आहे. या कमाईचा पैसा गावातच फिरतो. स्कायवॉक झाला तरी तिकिटाच्या उत्पन्नातला किती वाटा ग्रामसभांना, किती पाणी योजनेला आणि दिवसाला किती गाड्या वर सोडायच्या, हे आधी जाहीर करता येईल. हे आकडे ठरले नाहीत, तर पूल ४०७ मीटरचा असो वा ४० मीटरचा, घाटातली गाड्यांची रांग आणि गावातली हंड्यांची रांग दोन्ही लांबतच जातील.