गरुडातली धडधड

लक्ष्मीपूजनाची आवराआवर झाली, की आठच्या सुमारास गच्चीवर जा आणि पश्चिमेकडे झुकलेला श्रवणाचा ठळक तारा शोधा. हात लांब करून मूठ धरली, की आकाशाचे साधारण दहा अंश झाकले जातात. श्रवणापासून एक मूठ क्षितिजाकडे सरका. तिथे काही दिसणार नाही. चांगली दुर्बीण लावली तरी नाही. हा लेख त्या ‘काही नाही’बद्दलच आहे.

त्याचं नाव जीआरएस १९१५+१०५. नाव कसलं, पत्ताच तो: विषुवांश १९ तास १५ मिनिटं, उत्तर क्रांती जवळपास अकरा अंश. १५ ऑगस्ट १९९२ रोजी ग्रॅनॅट या रशियन उपग्रहाला गरुड तारकासमूहातली ही जागा क्ष-किरणांत अचानक उजळलेली आढळली. आकाशगंगेच्या पातळीत मध्ये इतकी धूळ आहे, की तिथला साधा प्रकाश आपल्यापर्यंत पोचतच नाही. ताकदवान क्ष-किरण मात्र धुळीतून पार होतात. गंमत अशी, की एवढी वाट तुडवून आलेले हे किरण शेवटी आपल्या वातावरणात अडकतात. म्हणून उपकरण वर न्यावं लागतं.

सुमारे ३० हजार प्रकाशवर्षं दूर तिथे एक जोडी आहे. सूर्याच्या साधारण १२ पट वस्तुमानाचं कृष्णविवर आणि एक फुगलेला, म्हातारा तारा. दोघं एकमेकांभोवती जवळपास ३४ दिवसांत फेरी मारतात. ताऱ्याचा वायू ओढला जातो, पण तो सरळ विवरात पडत नाही. फिरता फिरता त्याची तबकडी होते, थरांवर थर घासतात, आणि आतल्या काठाशी तापमान कोटी अंशांवर जातं. क्ष-किरण येतात ते तिथून. विवर स्वतः गप्पच.

आता आपल्याकडची गोष्ट. २१ मार्च १९९६ रोजी श्रीहरिकोट्याहून आयआरएस-पी३ हा उपग्रह गेला. त्याचं मुख्य काम जमीन आणि समुद्र न्याहाळण्याचं. पण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आणि इस्रोने मिळून त्यात क्ष-किरण मोजणाऱ्या वायूभरल्या पेट्या बसवल्या होत्या. अधूनमधून जमिनीचं काम बाजूला ठेवून उपग्रह ताऱ्यांकडे रोखायचा! या उपकरणांनी १९९६-९७ मध्ये या विवराची तेजस्विता टिपली. आलेख सावकाश चढायचा आणि कड्यावरून ढकलल्यासारखा झटकन पडायचा. पुन्हा चढण, पुन्हा कडा. काही सेकंदांच्या, कधी मिनिटाच्या अंतराने, तासन् तास.

ही घसरण का महत्त्वाची? तिथे न्यूट्रॉन तारा असता, तर पडणारा वायू त्याच्या पृष्ठभागावर आदळून पुन्हा चमकला असता. इथे चमक नाही. माल गेला तो गेला. हे घटना क्षितिजाचं, म्हणजे जिथून काहीच परत येत नाही त्या सीमेचं, लक्षण असावं, असं ही निरीक्षणं करणाऱ्या शास्त्रज्ञांनी मांडलं. मला हा तर्क आवडतो, पण तो अर्थ लावणं आहे, पुरावा नव्हे, हेही सांगायला हवं. विवराचं वस्तुमान ठरलं ते जोडीदार ताऱ्याची अवरक्त किरणांतली हालचाल मोजून, २००१ मध्ये.

त्याच सुमारास अमेरिकेच्या आरएक्सटीई उपग्रहाच्या नोंदींवरून २००० साली चढउतारांचे तब्बल १२ प्रकार वेगळे काढण्यात आले. त्यातल्या एकाचा आलेख ईसीजीच्या कागदासारखा दिसतो, म्हणून त्याला हृदयाचा ठोकाच म्हणतात. तबकडीचा आतला भाग भरतो, प्रारणाच्या दाबाने अस्थिर होतो, रिकामा होतो आणि परत भरू लागतो. याखेरीज एक फार बारीक थरथर आहे, सेकंदाला ६७ वेळा. ती अगदी आतल्या काठाची असावी.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी गेलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाने ही थरथर पुन्हा पकडली. त्यावरच्या लॅक्सपीसी या मुंबईत घडलेल्या उपकरणाला सेकंदाच्या एक लाखाव्या भागापर्यंतची वेळ मोजता येते. आपली ६७ ची थरथर ७२ पर्यंत सरकते, हेही त्यात दिसलं.

मग २०१८ च्या मध्यावर, २६ वर्षं पेटलेला हा दिवा मंदावला. भूक भागली, असं वाटलं. पण २०१९ मध्ये रेडिओ दुर्बिणींना तिथून जोरदार भडके दिसत होते. जेवण चालूच होतं. विवराजवळच दाट वायूचा पडदा आडवा आला होता आणि क्ष-किरण त्यातच अडत होते.