खुर्च्यांचा पिंजरा

रॉक गायक अॅलिस कूपरच्या कार्यक्रमाला मी गेलो ते त्या पांढऱ्या जाकिटासाठी. पूर्वी वेड्यांच्या इस्पितळात रुग्णाचे हात अंगाभोवती आवळून पाठीमागे बांधत, तसलं जाकीट. ते घालून तो ‘बॅलड ऑफ ड्वाइट फ्राय’ गातो.

पुढे उभा असल्याने मला बाह्या नीट दिसत होत्या. पंजांच्या पुढे लांबलेल्या, टोकाला बंद, पट्ट्यांनी पाठीशी खेचलेल्या. हातच बांधले म्हटल्यावर गायकाकडे उरतात मान आणि खांदे. सत्तरी उलटलेला हा माणूस अक्षरशः खांद्यांनी गात होता. शेजारचा पिकल्या केसांचा चाहता माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “फ्राय गेला तेव्हा ४४ वर्षांचा होता.”

ड्वाइट फ्राय हा नट. ब्रॉडवेवर विनोदी कामंही केलेला. १९३१च्या ‘ड्रॅक्युला’त तो माश्या-कोळी खाणारा रेनफिल्ड झाला. जहाजाच्या तळघराचं झाकण उघडतं आणि खालून तो वर बघतो. डोळे ताणलेले, आणि ते दात न विलगता घशातून येणारं हसू! त्याच वर्षीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये तो कुबडा फ्रिट्झ. जिना चढता चढता थांबून घसरलेला मोजा वर ओढतो. राक्षसांच्या गोष्टीत असा मोजा ज्याला सुचतो, तो नट मोठाच. पण पुढे हॉलिवूडने त्याला वेडे आणि कुबडेच दिले.

गाणं आलं १९७१ साली, ‘लव्ह इट टू डेथ’ या अल्बममध्ये. सुरुवातीला पियानोवर एक लहान मुलगी बाबांची चौकशी करते. मग दबक्या आवाजातली कडवी, आणि ध्रुपदाला सगळा बँड अंगावर येतो. मधल्या भागात कोंडलेला माणूस बाहेर सोडा म्हणून आक्रोश करतो. त्यासाठी निर्माता बॉब एझ्रिनने, तेव्हा तो जेमतेम एकविशीतला, कूपरभोवती धातूच्या खुर्च्यांचा पिंजरा रचला आणि आत त्याला ओरडायला लावलं. ऐकताना ती अडचण कळते. श्वास पुरत नाही, शब्द एकमेकांवर आदळतात. आपल्याकडे नाटकात पदं असतात, इथे पदात अख्खं नाटक आहे. रक्त, गिलोटिन, साप या कूपरच्या बाकीच्या सरंजामापेक्षा मला या खुर्च्या जास्त खऱ्या वाटतात. भीती तिथे मेहनतीने कमावलेली आहे.

४४ हा आकडा मात्र डोक्यातून जात नाही. दुसऱ्या महायुद्धात फ्राय रात्रपाळीला विमानाच्या कारखान्यात अवजारांचे आराखडे काढत होता. अखेर ‘विल्सन’ या चित्रपटात त्याला अमेरिकेच्या युद्धमंत्र्याची भूमिका मिळाली. ना कुबड, ना किंकाळी, साधा सूट घातलेला शहाणा माणूस. चित्रीकरणाआधीच, नोव्हेंबर १९४३मध्ये, लॉस एंजेलिसच्या बसमध्ये त्याला हृदयविकाराचा झटका आला. मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसाय लिहिला गेला तो कारखान्यातला. नट असल्याचा त्यावर उल्लेख नाही.